वॉर्डातला वर्षावास

कोंडामावशी. आधी हे नाव लिहितो, बाकीचं मागाहून. कोपरगावात मुलींच्या एका बोर्डिंगात त्या स्वयंपाक करायच्या, अजूनही करतात. उंची बेताची, आवाज मोठा, हातांना कायम कांद्याचा वास. माझ्या रक्ताच्या नात्यातल्या नाहीत, माझ्या मुलखातल्या नाहीत, पहिल्या दिवशी तर माझी बोलीसुद्धा त्यांना निम्मीच कळली होती. पण मी आज जो कोणी आहे, म्हणजे फार कोणी नाही, सोनईतल्या एका एसटीडी बूथमध्ये बसलेला माणूस, तो त्यांच्यामुळे बसलेला आहे. लिहायला बसलो की मला घाई होते. मधेच काहीतरी होईल आणि मुख्य माणसाचं नाव राहून जाईल अशी धाकधूक वाटते. म्हणून नाव आधी.

आज आषाढ पौर्णिमा. सकाळी बूथचं शटर वर केलं तर समोरून बायका पांढऱ्या साड्या नेसून विहाराकडे निघालेल्या. आजपासून वर्षावास. पूर्वी भिक्खू पावसाचे तीन महिने गावोगाव फिरणं थांबवून एका जागी राहायचे, त्याची ही रीत. आमच्या वस्त्यांमध्ये भिक्खू कधीतरीच येतात, त्यामुळे वर्षावास पाळायचा तो घरच्याच माणसांनी. जो तो आपापला संकल्प करतो. कुणी रोज संध्याकाळी ग्रंथ ऐकायला बसतं, कुणी तीन महिने मटण सोडतं, एखादा गडी बिडी सोडतो आणि आठवड्यात धरतो.

बायका गेल्या आणि मला फिनेलचा वास आला. खरंच आला. बूथमध्ये फिनेल नाही. पण पांढरी साडी आणि फिनेल यांची माझ्या डोक्यात कुठेतरी गाठ बसली आहे, ती काही सुटत नाही.

मी गोंदियाकडचा. धानाचा, तळ्यांचा मुलूख. आठवीत शाळा सोडली आणि मग हाताला मिळेल ते करत फिरलो. उसाचा गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांमध्ये दुरुस्तीची कामं निघतात, तशा कामाला एका टोळीबरोबर मी कोपरगावात आलो होतो. रस्त्याच्या कडेला टेम्पोतून लोखंडी पाईप उतरवत होतो. एक घसरला. चूक कुणाची म्हणावी? पाईप गोल होता, एवढंच. उजव्या पायाची नळी मोडली, वर मोठी जखम. टोळीवाल्यांनी मला एका ट्रस्टच्या दवाखान्यात ठेवलं, दोन दिवस चहा आणून दिला, आणि पुढच्या कामावर निघून गेले. त्यांनाही पोटं होती. गावी आईला कळवू नका असं मीच त्यांना बजावलं होतं. तिकडे रोवणीचे, म्हणजे धान लावायचे, दिवस होते, आणि ती आली असती तरी काय केलं असतं?

मला इथला पावसाळा तेव्हा भारी चमत्कारिक वाटायचा. आमच्याकडे आषाढात बांध फुटेल म्हणून माणसं जागतात. इथे ढग यायचे, वॉर्डसमोरच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर जरा थांबल्यासारखं करायचे आणि मराठवाड्याकडे निघून जायचे. वारा मात्र दिवसभर. वॉर्डच्या खिडक्या आपटत राहायच्या. मी पाठीवर पडून ढग मोजण्यापेक्षा त्यांचा विचार करायचो. हे थांबत का नाहीत? कुणी हाक मारली तर थांबतील का?

माझ्या डाव्या खाटेवर बाबूभाई पिंजारी. गाद्या भरायचे, माळ्यावरून पडून कंबर धरली होती. उजवीकडे रावसाहेब, शिर्डीला फुलांचा स्टॉल असलेला, मोटारसायकलवरून पडून खांदा मोडलेला. माझ्या पायाला प्लॅस्टर होतं आणि जखमेचं ड्रेसिंग करता यावं म्हणून त्या प्लॅस्टरला चौकोनी खिडकी पाडली होती. रावसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "बघा, गड्याच्या पायालाबी खिडकी हाय. आन् आमी आजून घराला लावतोय."

हसू यायचं. पण सिस्टर ती खिडकी उघडायच्या तेव्हा मी त्यांच्या नाकाकडे बघायचो. नाक आक्रसलं की जखम बरी नाही. डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं, "जखम भरतेय का ते बघू. आत सडत गेली तर पाय ठेवता येणार नाही. गुडघ्याखालून काढावा लागेल." त्या दिवसापासून माझं सगळं लक्ष त्या नाकावर. पाय राहतो की जातो, एवढाच एक प्रश्न घेऊन मी उठायचो आणि झोपायचो.

अशाच एका दुपारी, पौर्णिमेची दुपार असावी, मला ताप होता आणि मी गुंगीत होतो. कानाशी आवाज आला. डोळे उघडले तर डोक्याशी पांढरी साडी, जोडलेले हात, आणि त्रिशरण चाललेलं.

आता आमच्यातल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही, पण इतरांसाठी सांगतो. त्रिशरण विहारात म्हणतात, जयंतीला म्हणतात, ते सगळं उभ्या घोळक्यात. एकाच माणसाला मध्ये ठेवून, पांढरे कपडे घालून, त्याच्यासाठी म्हणून म्हणतात ते दोनदा. एकदा लग्नात आणि एकदा मयतीत. खाटेवर पडलेल्या माणसाचं लग्न लावायला कुणी येत नाही. म्हणजे राहिलं काय? मला वाटलं, डॉक्टरांनी सगळ्या जगाला सांगून टाकलंय, फक्त मलाच सांगायचं राहिलंय.

मी जीव खाऊन ओरडलो, "मी मेलो नाई जी! मी जित्ता हावो!"

सिस्टर धावत आल्या. बाबूभाई कंबर धरून म्हणाले, "ओ बाई, गलत खाट पकडली तुमी. मयत खाली असते, मागच्या दाराला." आणि रावसाहेब, "लगीन आसंल तर हार माझ्याकडनं." सगळा वॉर्ड हसायला लागला. ज्यांना हसल्यावर टाके दुखायचे तेही हसले.

ती बाई धपकन स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. पदर काढला तर हसत होती.

"आरं माझ्या लेकरा," ती म्हणाली, "भ्यालास व्हय? चुकलं माझं. पर तुझंबी खरंच हाय की. मानूस नांदायला लागला की म्हनतो, न्हाईतर गेला की म्हनतो. मधल्या मानसासाठी कवा म्हनलंच न्हाई आपन."

मधला माणूस. हा शब्द माझ्या मनात तेव्हापासून बसून आहे.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या. या वेळी हिरव्या, मोठ्या फुलांच्या साडीत. हात न जोडता म्हणाल्या, "आज कायबी म्हनत न्हाई. गुमान बसते. चालंल?"

"चालेल जी."

बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "डोक्यावरचा पंखा रोज असाच करकरतो का रं?" म्हटलं, होय. "मंग ह्यो तुझ्याशी माझ्यापरीस जास्त बोलला म्हनायचा." एवढंच. आणि बोर्डिंगात भाजी टाकायची वेळ झाली म्हणून उठून गेल्या.

मग त्या रोज यायच्या. दुपारी मुली शाळेत असल्या की त्यांना मोकळा वेळ मिळायचा. फक्त माझ्याच खाटेशी नाही, बाबूभाईंशी, रावसाहेबांशी, कोपऱ्यातल्या एका न बोलणाऱ्या म्हाताऱ्याशीही बसायच्या. माझं काम पडून राहायचं आणि कुतूहलाने बघत राहायचं. ही बाई करते काय? औषध देत नाही, डबा आणत नाही, देवाचं काही सांगत नाही. सिस्टर त्यांना भजनवाल्या बाई म्हणायच्या, पण भजन तर कधी ऐकू आलं नाही. रावसाहेब पुजारीणबाई म्हणाले तेव्हा त्या फटकन म्हणाल्या, "पुजारीन आसती तर तुझ्याकडनं फुकाट फुलं नेली नसती का!"

मी कितीदा विचारलं, "बाई, तुम्ही काऊन येता?" दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणाल्या, "घरी पंखा न्हाई, हितं हाय." एकदा म्हणाल्या, "बोर्डिंगातल्या पोरी माझं आयकत न्हाईत. तुमाला पळून जाता येत न्हाई." एकदा जरा थांबून, "विहारात संकल्प सोडायचा हुता. समद्यांनी उपास धरला. मला उपास झेपत न्हाई, दिवसभर फोडनीचा वास. म्हनलं, बसन्याचा संकल्प करू." त्यातलं खरं कुठलं ते मला आजही माहीत नाही. बहुतेक सगळीच.

एक प्रश्न मात्र मला फार छळायचा. बाबूभाईंची बायको, खैरूनभाभी, रोज बाटलीत दम केलेलं, म्हणजे दुआ फुंकलेलं, पाणी आणायची. रावसाहेबांच्या उशाला शिर्डीच्या उदीची पुडी. दोघांच्याही हाताला धरायला काहीतरी होतं, आणि वर ऐकणारा कुणीतरी होता. माझ्याकडे काय? बुद्ध देव नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. तो काही देणार नाही, काढून घेणार नाही. मग दुखतं तेव्हा माणसाने कुणाला सांगायचं?

बाईंना विचारलं. त्या नेहमीसारख्या हसल्या नाहीत.

"एक भिक्खू हुता," त्या म्हणाल्या. "पोट बिघडलेला. आपल्याच घानीत लोळत पडलेला. बाकीचे तिकडं फिरकत न्हवते. भगवान तिथं गेले, पानी आनवलं आन् आपल्या हातानं त्याला धुतला. उचलून खाटंवर निजवला. मंग समद्यांला म्हनले, ज्याला माझी सेवा करायची त्यानं आजाऱ्याची करावी."

"मग तो बरा झाला?"

"ते मला ठाऊक न्हाई. मी आयकलं त्यात धुतल्याचं हाय. बरा झाल्याचं न्हाई."

हे मला तेव्हा अजिबात आवडलं नाही. गोष्ट अर्धी वाटली. आता वाटतं, की बरं झाल्याचं त्यात असतं तर ती आणखी एका चमत्काराची गोष्ट झाली असती, आणि चमत्कार माझ्याकडे नव्हताच.

रावसाहेब झोपले असताना मी त्यांच्या पुडीतली चिमूटभर उदी मागून घेतली, म्हणजे त्यांच्या भावाकडे मागितली, त्याने आनंदाने दिली. प्लॅस्टरच्या खिडकीच्या कडेला बोटाने लावली. बाईंच्या नजरेतून ते सुटणार थोडंच! मी डोळे मिटून घेतले. आता बोलणी बसणार, आपल्यात हे चालत नाही म्हणून.

"लावल्यावर भ्या कमी झालं का?" त्यांनी विचारलं.

"जरासं झालं जी."

"मंग कपाळाला लाव. जखमंला राख लागली तर डागतर तुलाबी रागवंल आन् मलाबी." आणि पदराच्या टोकाने ती त्यांनी हलकेच पुसून काढली.

श्रावण गेला. सिस्टरचं नाक रोज आक्रसायला लागलं. बोटांचा रंग बदलला. एका सकाळी डॉक्टर माझ्या खाटेवर बसले, उभे राहून बोलले नाहीत, तेव्हाच मला कळलं. पाय काढावा लागेल, आणि लवकर. उशीर केला तर विष वर चढेल. ते चांगले होते, दोनदा समजावून सांगितलं. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं.

दुपारी बाई आल्या तशी मी त्यांचा हातच धरला. "तुम्ही म्हणा, पाय राहील म्हणून. एकदा म्हणा फक्त."

"मला काय ठाऊक?"

"ठाऊक नसू द्या. म्हणा."

त्यांनी हात सोडवला नाही. "खोटं बोलनार न्हाई असं म्हनून आपन शील घेतो. ते सोड. आज मी राहील म्हनलं, आन् न्हाई ऱ्हायला, तर उद्या तू मला काय इचारशील का? मंग मी हितं बसून काय करू?"

मी तोंड फिरवलं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. एवढा चांगला राग पुन्हा कधी कुणाचा आला नाही. बाबूभाई म्हणाले, "बोलो ना बाई, बच्चा है. क्या जाता है?" पंखा करकरत राहिला.

मग बाईंनी विचारलं, "ह्या पायानं कुठं कुठं गेलास ते तरी सांग."

मला वाटलं चेष्टा आहे. पण त्या खरंच ऐकायला बसल्या होत्या, स्टूल पुढे ओढून. म्हटलं, सांगतो. आणि बोलायला लागलो तर थांबेचना. रोवणीच्या चिखलात पोटरीपर्यंत गेलेला पाय. तळ्याच्या काठी कमळाच्या देठांत अडकलेला, त्याला चिकटलेल्या जळवा, आणि आई मिठाची चिमूट घेऊन धावत येतेय. बाभळीचा काटा टाचेत मोडून राहिला तो, पिकून आपोआप बाहेर आलेला. शाळेच्या ओट्यावरून शेवटचा उतरलेला. सायकल शिकताना साखळीत सालटून निघालेला. गोंदियाला गाडीत चढून रात्रभर एकाच पायावर उभा राहिलो तो हाच, कारण दुसरा ठेवायला जागा नव्हती.

"अन् मनमाडला उतरताना हाच पुढे टाकला," मी म्हणालो.

रावसाहेब म्हणाले, "आता हे कसं ध्यानात ऱ्हायलं तुझ्या?"

"डाव्या हातात पेटी होती जी. तो तोल जात होता."

बाबूभाईंनी आपल्या पायांचं सांगितलं. गादीवर कापूस पायाने कसा दाबायचा, कुठे कठीण लागला म्हणजे गुठळी आहे हे तळव्याला कसं कळतं. कोपऱ्यातला न बोलणारा म्हाताराही म्हणाला, "मी पंढरीच्या बाजाराला बैल पायी नेल्ते." त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. दुपार कधी संपली कळलं नाही. बाईंना त्या दिवशी भाजीला उशीर झाला, बोर्डिंगात बोलणी बसली म्हणे.

सांगून झाल्यावर माझ्या मनात काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पाय नकोसा झाला नाही. उलट इतका हवासा तो कधीच वाटला नव्हता. पण तो चाललेला आहे, खूप चाललेला आहे, हे समोर आलं. मी डॉक्टरांना बोलवा म्हटलं.

सही करायला माणूस हवा होता. सिस्टरनी विचारलं, पेशंटबरोबर कोण? बाई म्हणाल्या, मी. नातं काय? इथे बाई अडल्या. खोटं त्यांना बोलायचं नव्हतं. "शेजारीन लिवा," त्या म्हणाल्या.

"शेजारीण हे नातं होत नाही बाई."

"मंग तुमीच सांगा काय लिवायचं."

मी खाटेवरून ओरडलो, "मावशी आहे माझी. लिहा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या आईला इचारलंस का?" म्हणाल्या, आणि मग सिस्टरला, "लिवा. त्यो म्हनला मंजी झाले मी." त्या दिवसापासून त्या मावशी. त्यांनी माझ्या नावापुढे अंगठा नाही, पूर्ण सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून.

शुद्धीवर आलो तेव्हा मावशी उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक नवाच पेच होता. काढलेला अवयव नातेवाइकांनी न्यायचा आणि पुरायचा, तिथली रीत तशी होती.

"आरं," त्या वाकून म्हणाल्या, "तुझा पाय बाहेर ठेवलाय. त्याला नेते. पर म्हनायचं काय ते सांग. मयतीचं म्हनावं तर तू जित्ता. मी कुनाला इचारू? हे आमाला कुनी शिकवलंच न्हाई."

भुलीतही मला गंमत वाटली. म्हणालो, तुम्हाला सुचेल ते.

पुढचं मला रावसाहेबांनी सांगितलं. खैरूनभाभीने घरून पिंजलेला कापूस आणला, नवा, पांढरा, गादीत घालतात तसा, आणि त्यात पाय गुंडाळला. "सख्त जागेवर ठेवू नका," म्हणाली. रावसाहेबांनी भावाला धाडून शेवंतीची फुलं मागवली आणि वर निरोप, "हार नको, हार घालायचा कुटं? सुट्टी दे." त्यांच्या भावानेच गोदावरीच्या काठाला, मसणवट्याच्या कडेला, खड्डा घेतला. तीन घरची माणसं एका पायाच्या मागे गेली. ज्याचा पाय, तो खाटेवर.

मावशी परतल्या तेव्हा त्यांच्या पायांना ओली माती होती. विचारलं, "काय म्हटलं शेवटी?"

"सगळ्या जिवांचं भलं व्हावं, ते म्हनलं. त्ये कुनालाबी चालतंय." मग जरा संकोचून, "आन् त्याला म्हनलं, लई चाललास बाबा. आता निज."

मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. मावशी बसून राहिल्या. गप्प हो म्हणाल्या नाहीत.

नंतरच्या दिवसांत एक विचित्रच गोष्ट सुरू झाली. नसलेल्या पायाची बोटं खाजायची. मी अंथरूण खाजवायचो. मावशींना सांगितलं तर त्यांचे डोळेच मोठे झाले. "खरं म्हनतोस? कंचं बोट?" अंगठ्याशेजारचं. "आगं बया!" डॉक्टर आले तशी त्यांनीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सवय असते, त्याला वाटतं पाय आहेच.

"मंजी समद्यांला कळालं आन् ह्याच्या डोक्यालाच कुनी कळवलं न्हाई?" मावशी म्हणाल्या. डॉक्टर हसू आवरत पुढच्या खाटेकडे गेले. मावशी मला म्हणाल्या, "कळव की मंग. पर सावकाश कळव. एकदम सांगितल्यावर कसं वाटतं ते तुला म्हाईत हाय."

मी अजून कळवतोच आहे.

आई नंतर आली, मावशींनीच तिला बोलावणं धाडलं. माझी चादर उचलून पाहिली आणि परत ठेवली. मग ती आणि मावशी बाहेर लिंबाखाली बसल्या. एकीची बोली दुसरीला धड कळत नव्हती, तरी बोलत होत्या, आधी आळीपाळीने आणि मग दोघी एकदम. काय बोलल्या ते मला दोघींनीही सांगितलं नाही. कुतूहल माझं तिथेही तसंच राहिलं.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. संकल्प पुरा झाला, आता मावशी येणार नाहीत असं मी मनाशी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नेहमीच्या वेळी दारात. "सवय लागली," म्हणाल्या. मला मग सुचलं, तीन महिने एका जागी राहिलो तो मी. फिरणारा माणूस थांबला, तेव्हा त्याला आपल्या आजूबाजूला कोण आहे ते दिसलं. भिक्खूंनाही तसंच होत असेल का? की ते पाऊस थांबायची वाट बघत असतील, माझ्यासारखे?

गावी परत गेलो नाही. धानाच्या चिखलात कुबडी रुतते. अपंग माणसाला एसटीडी बूथ मिळतो हे मावशींनी बोर्डिंगातल्या कारकुनाकडून ऐकलं आणि मला घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढल्या. मावशींच्या भावाची सोनईत बाजारपेठेत टपरीपुरती जागा होती, ती मिळाली. पिवळी पाटी लागली. तेव्हापासून मी इथे बसतो, संसारही इथेच मांडला. काचेच्या खोलीत माणसं बोलतात आणि मी मीटरवरचे लाल आकडे बघतो, पण कान आहेत. कुणाच्या घरी कोण वारलं ते मला घरच्यांआधी कळतं. परवा एक गडी फोन ठेवून बाहेर आला, भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. मी कुबडी घेऊन त्याच्याशेजारी बसलो. मग विचारलं, जेवलास का? नाही म्हणाला. बसून राहिलो. पाठीमागे लोक ओरडत होते, ओ बूथवाले, लाईन द्या.

गेल्या महिन्यात एक नर्सबाई इथून परदेशात बहिणीला फोन करायच्या. त्या म्हणाल्या, तिकडच्या दवाखान्यांत आजाऱ्यांशी बसायला माणसं नेमतात, बौद्धही असतात त्यांत, त्याचं शिक्षण असतं, पगार असतो. मी लगेच बोर्डिंगात फोन लावून मावशींना सांगितलं. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या.

"पगार देत्यात?" मावशी म्हणाल्या. "मंग येळेवर जावं लागत आसंल."

याच बोलण्यात त्यांनी जाता जाता सांगितलं, की आता गुडघे ऐकत नाहीत. वॉर्ड वरच्या मजल्यावर नेला आहे, जिना चढताना दोनदा बसावं लागतं. या वर्षावासात रोज जमेल असं दिसत नाही, पडलेल्यांना कोण विचारतं कुणास ठाऊक. तक्रार नव्हती, भाजी महाग झाल्याचं सांगावं तसं सांगितलं आणि फोन ठेवला.

मला त्या फिनेलच्या वासाची भीती वाटते. वॉर्डच्या दारातूनच मागे फिरेन याची खात्री आहे. काय बोलावं तेही मला येत नाही, माझं शिक्षण आठवी. बूथ एक दिवस बंद ठेवला तर माणसं दुसऱ्या टपरीवर जातात. ही सगळी कारणं मी आज सकाळपासून काढून पाहिली. बायकोला विचारलं, तीन महिने बूथ सांभाळशील का? ती म्हणाली, "तुम्ही नसला की गिऱ्हाईक वाढंल."

मावशी, या वर्षी जमत नाही, मनाची तयारी व्हायच्या आतच वर्षावास लागला. शब्द देतो आणि तो इथे लिहून ठेवतो म्हणजे मला फिरवता येणार नाही. एक सबंध वर्षावास तुमच्या दुपारी मी घेईन. कोपरगावात खोली करून राहीन, जिना कुबडीने चढेन, आणि तुम्ही खाली लिंबाखाली बसा. वर कोण कोण पडलंय, कुणाला काय झालंय, ते रोज उतरून तुम्हाला सांगत जाईन.